मागच्या ओळीतला पंखा

"पवारण्णा, जरा वर येता का? हे खुर्चीतून उठत नायत..." ग्रेसवहिनींचा फोन आला तेव्हा दुपारची झोप नुकती डोळ्यांवर उतरत होती, आणि क्षणभर ते वाक्य मला स्वप्नातलंच वाटलं. आवाज अगदी रोजचा होता. "चहा ठेवला. हाक मारली. परत मारली. उठत नायत." चेन्नईच्या अण्णा नगरातल्या आमच्या इमारतीत ते माझ्या वरच्याच मजल्यावर राहायचे. मी अनवाणीच जिना चढलो. गॅलरीत वेताच्या खुर्चीत शांतवनराव बसले होते. चष्मा कपाळावर सरकवलेला, मान जराशी उजवीकडे कललेली, डोळे मिटलेले. दुसऱ्याचा उपदेश ऐकताना ते असेच बसायचे. खाली रस्त्यावर शहाळीवाला कोणाशी तरी हुज्जत घालत होता, कुंडीतल्या कढीलिंबावर ऊन पडलं होतं. मी त्यांचं मनगट हातात घेतलं आणि तसाच धरून बसलो. वहिनी दारात उभ्या होत्या. "वहिनी, गॅस बंद करा," एवढंच मला सुचलं.

रेव्हरंड शांतवन दुशिंग हे नाव महाराष्ट्रातल्या वाचकांना ठाऊक असण्याचं कारण नाही. ते मूळचे नगर जिल्ह्यातले. तरुणपणी धर्मशिक्षणासाठी चेन्नईत आले, ग्रेस नावाच्या तमिळ मुलीच्या प्रेमात पडले आणि परत जायचं राहूनच गेलं. सारं आयुष्य त्यांनी तमिळ मंडळ्यांचे, म्हणजे गावोगावच्या चर्चच्या भाविकांचे, पाळक म्हणून काढलं. मी साताऱ्याकडचा, रेल्वेतल्या नोकरीनं इकडे आलेला, शनिवारी मारुतीला तेल घालणारा माणूस. आमची गाठ पडायचं तसं काही कारण नव्हतं. पण निवृत्तीनंतर एका सकाळी पार्कात फिरताना माझ्या पुढे चाललेला एक बुटका, टक्कल पडलेला गृहस्थ काहीतरी गुणगुणत होता. चाल ओवीची. ती चाल मी आजीच्या जात्यावर ऐकलेली, त्यामुळे मी नकळत तीच धरून मागून गुणगुणायला लागलो. थोड्या वेळानं लक्षात आलं, की चाल आपली असली तरी शब्द येशूचे आहेत. मी थांबलो. ते मागे वळले आणि शुद्ध नगरी मराठीत म्हणाले, "थांबलात का? म्हणा की. चालीला धर्म नसतो." त्या दिवसापासून पार्कातल्या आमच्या फेऱ्या एकत्र सुरू झाल्या. कितीतरी वर्षांनी मी चेन्नईच्या रस्त्यावर मोठ्यानं मराठी बोलत होतो, आणि खरं सांगायचं तर मला माझाच आवाज नव्यानं ऐकू येत होता.

शांतवनराव निवृत्त झाले होते, पण पाळक कधी निवृत्त होत नसतो असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या ग्रामीण धर्मप्रांतात त्यांचे शिक्षणाच्या वेळचे मित्र विखुरलेले होते. धर्मप्रांत म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा मुलूख. कोणी मिठागरांच्या कडेला, कोणी एखाद्या वसतिगृहाच्या आवारात, असे ते छोट्या छोट्या मंडळ्या सांभाळत होते. महिन्यातल्या एका रविवारी शांतवनराव यांतल्या कोणाकडे तरी जायचे. एकदा मला म्हणाले, "चला की पवारसाहेब, तुमच्याकडं रेल्वेचा पास पडून राहिलाय." मी म्हटलं, मला काय कळणार तिथलं? तर म्हणाले, "कळायला कोण जातंय? बसायला जायचं."

तेव्हापासून मी त्यांच्याबरोबर जायला लागलो, आणि ते रविवार आता आठवतात तेव्हा त्यांच्याभोवती कायम थोडं धुकं असतं. पहाटेची गुम्मिडिपूंडीची गाडी. कारखान्यांच्या पाळीला निघालेली पोरं गळ्यात ओळखपत्रं घालून एकमेकांच्या खांद्यावर झोपलेली, त्यांतली एक-दोन आपली, पुण्या-सांगलीकडची; झोपेतच मराठीत बरळणारी. गुम्मिडिपूंडीला गाडी रिकामी व्हायची. पुढे आम्ही शेअर ऑटोत बसायचो, मग डांबरी रस्ता संपायचा, दोन्ही बाजूंना ताडाची झाडं आणि मध्ये मध्ये साठलेलं उथळ पाणी. पाणी कुठं संपतं आणि आकाश कुठं सुरू होतं ते त्या वेळी समजत नसे. एक धर्मप्रांत संपून दुसरा कुठं लागतो, असं मी विचारलं, तर शांतवनराव बाहेर बोट दाखवून म्हणाले, "ते बगळ्यांना विचारा. त्यांना दोन्हीकडचे मासे चालतात."

तिकडची एक रीत आहे. पाळक जर दुसऱ्या पाळकाकडे रविवारी पाहुणा म्हणून गेला, तर त्याला पुढे, वेदीजवळच्या खुर्चीत बसवतात, अंगावर शाल पांघरतात, आणि त्या दिवशीचा उपदेश त्यानंच करायचा असतो. यजमानाला तेवढीच एका रविवारची सुटी. पाहुण्याच्या काठीनं साप मारण्यातला प्रकार, पण दोन्ही बाजू खूश असतात. शांतवनराव एवढे जुने पाळक, पण ही रीत त्यांनी कधीच पाळली नाही. शाल नको, खुर्ची नको, उपदेश तर नाहीच. पांढरा झगा नाही, गळ्याला कॉलर नाही. साधा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून ते सरळ मागच्या ओळीत जाऊन भिंतीला टेकून बसायचे, आणि तिथं खिळ्याला टांगलेला ताडाच्या पानाचा हातपंखा घेऊन हळूहळू वारा घेत राहायचे. मी त्यांच्या शेजारी. मला तमिळ बाजारापुरतं आणि ऑफिसपुरतं येतं, उपदेशाचं तमिळ जड. अर्ध्याहून अधिक शब्द डोक्यावरून जायचे आणि त्यांच्या लयीत मला गुंगी यायची.

याचं कारण त्यांनी मला परतीच्या गाडीत सांगितलं होतं. धर्मशिक्षणाच्या वेळी त्यांच्या खोलीत देवसहायम नावाचा, याच भागातला एक उंच, काळासावळा मुलगा होता. नगरचा हा पोरगा तमिळचं अक्षर ओळखत नव्हता. देवसहायमनं रोज संध्याकाळी त्याच्याकडून तमिळ शास्त्र, म्हणजे बायबल, मोठ्यानं वाचून घेतलं, चुकला की डोक्यात टपली मारली, आणि वर्षभरानं त्याला एका खेड्यातल्या मंडळीपुढे पहिला उपदेश करायला उभं केलं. देवसहायम म्हणाला, "समोर कोणाकडे बघू नकोस. मी मागच्या ओळीत पंखा घेऊन बसतो. पंख्याकडे बघून बोल. पंखा थांबला, की समज, शब्द पोचला." तो पंखा हलत राहिला, हलत राहिला... आणि मध्येच एकदा थांबला. "तिथून पुढं मी बोलायला लागलो, पवारसाहेब. तोवर नुसता पाठ म्हणत होतो."

"कुठल्या वाक्याला थांबला?" मी विचारलं.

"ते त्यानं आजपर्यंत सांगितलं नाही. विचारायचं नसतं म्हणतो." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आम्ही पाळक लोक जन्मभर दुसऱ्यांना सांगत राहतो. पण बोलणाऱ्याला मागच्या ओळीत आपलं एक माणूस लागतं. ते नसलं, की हळूहळू आवाज जातो."

देवसहायमअय्यांचा आवाज असाच गेला होता. तिकडे पाळकाला 'अय्या' म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणतो. त्यांच्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे येईलच. हमरस्त्यावर एक मोठं प्रार्थनागृह उभं राहिलं होतं, तिथं बँड, दिवे, मोठाले आवाज. गावातली माणसं तिकडे जाऊ लागली. अय्यांकडे उरल्या काही म्हाताऱ्या आणि दारात झोपणारं एक कुत्रं. पालथ्या घड्यावर पाणी किती दिवस ओतणार? अय्यांनी ठरवलं होतं, की बिशपांकडे जाऊन मंडळी सोडतो म्हणून सांगायचं आणि बेंगळुरूला मुलाकडे जाऊन राहायचं. त्यांची बायको सेल्वीअम्मा हे आम्हाला सांगताना रडली. शांतवनरावांनी ना उपदेश केला, ना समजूत घातली. "जा. पण घाई कशाला? मी दर महिन्याला ऐकायला येतो. मला ऐकायचंय," एवढंच म्हणाले. त्यानंतर बाकीचे मित्र मागे पडले आणि आमचे सगळे रविवार त्या एकाच गावाला जायला लागले.

पहिल्या वेळी अय्या बोलले ते खाली बघून. दुसऱ्या वेळीही तसेच. तिसऱ्या वेळी आम्ही पोचलो, तर देवळाबाहेर (चर्चला तिकडे देऊळच म्हणतात) चपलांचा हा ढीग! आत पुरुषांच्या बाजूला जागा नाही, बायकांच्या बाजूला डोक्यावरून पदर घेतलेल्या बायका चटयांवर खेटून बसलेल्या. हमरस्त्यावर जाणारी मंडळी परत आली होती. अय्या चकित झाले, त्यांचा आवाज जरा वर आला. मग त्यांनी मागच्या ओळीकडे पाहिलं. शांतवनरावांचा पंखा चालू होता. अय्या बोलत गेले, लोक ऐकत गेले, आणि ऊन भिंतीवरून खाली सरकत गेलं. मी अर्धवट डुलकीत होतो. अचानक कानाजवळचा वारा बंद झाला म्हणून डोळे उघडले, तर शांतवनरावांचा पंखा हातात स्थिर होता आणि त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पुढे वेदीजवळ उभे असलेले अय्या क्षणभर बोलायचे थांबले होते. त्या दोघांमध्ये त्या वेळी जे काही झालं, त्यात माझ्यासकट सगळा गाव मध्ये बसलेला असूनही कोणी नव्हतं.

गर्दीचं गुपित मला कळलं ते कापणीच्या सणाला. त्या दिवशी शेतातलं पहिलं पीक, भोपळे, केळीचे घड, कोंबड्या, जे असेल ते लोक वेदीपुढे आणून ठेवतात. उपासना संपल्यावर पाक्कियमपाट्टी नावाची एक म्हातारी शेवग्याच्या शेंगांची जुडी घेऊन माझ्याकडे आली. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाली, "सार, तुम्हीच लिहिणारे ना? आमच्या अय्यांबद्दल चांगलं लिहा. बघितलंत ना, देऊळ किती भरतं?" मला काही उमगेना. खोदून विचारलं तेव्हा सगळा उलगडा झाला. पाळक पाहुणा आला की पुढे बसतो, शाल घेतो, उपदेश करतो. हा माणूस पाळकासारखा दिसतो, पाळकासारखं गातो, पण मागे बसतो, डोळे मिटून ऐकतो, आणि उपासना झाल्यावर देवळाभोवती फिरून कौलं बघतो, विहिरीत वाकून बघतो. (नगरचा माणूस, विहीर दिसली की पाणी किती आहे ते बघणारच.) म्हणजे हा नक्की बिशपांच्या कचेरीतून आलेला तपासनीस. देऊळ रिकामं दिसलं तर अय्यांची बदली करणार, कदाचित देऊळच बंद करणार. आणि मी, खिशाला पेन लावलेला आणि गळ्यात चष्मा लटकवलेला, त्याचा कारकून! गावानं बैठक घेऊन ठरवलं होतं, की तपासनीस येईल त्या रविवारी घरटी सगळ्यांनी यायचं. पण तो कुठल्या रविवारी येईल याचा नेम नाही, म्हणून मग दर रविवारी यायचं.

गाडीत बसल्यावर मी हे शांतवनरावांना सांगितलं. ते इतके हसले, की समोरच्या बाईनं त्यांना पाणी देऊ केलं. मला मात्र हसू येत नव्हतं. रेल्वेत जन्म काढलेला माणूस मी, मला सिग्नल लाल म्हणजे लाल. "शांतवनराव, हे खोटं आहे," मी म्हणालो.

"खोटं कोण बोललं? मी बोललो?"

"गप्प बसणंसुद्धा खोटंच. पुढच्या वेळी आपण सांगून टाकू."

ते डोळे पुसत म्हणाले, "अहो, देवसहायमला वाटतंय, लोक त्याचं ऐकायला येतात. वाटू द्या की. वाटता वाटता खरं होतं कधी कधी." मग हसणं ओसरलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "त्याला मात्र कळता कामा नये, पवारसाहेब. आता कळलं तर तो उठायचा नाही." मी वचन दिलं नाही, पण गप्प राहिलो. त्यानंतरचे रविवार म्हणजे माझ्या उतारवयातलं सगळ्यात मोठं सुख होतं. उन्हाळ्यात ताडगोळे, थंडीत ताडाचे उकडलेले कोंब, सेल्वीअम्माच्या हातचं माशाचं कालवण. मी एकटा सांबार-भातवाला, माझ्यासाठी वेगळी पातेली. जेवणानंतर ते दोघे मित्र ओसरीवर आडवे होऊन तमिळमध्ये पुटपुटत राहायचे, मध्येच कुणीतरी हसायचं, मध्येच दोघंही झोपून जायचे, आणि मी त्यांच्या मधल्या जागेत पडून वरची कौलं बघत राहायचो. आपण कोण, कुठले, कोणाच्या देवळात आलोय, हे त्या दुपारी आठवायचं नाही.

मग ती दुपार आली, गॅलरीतली.

अंत्यविधीला देवसहायमअय्यांचं सगळं गाव व्हॅन करून आलं. शवपेटीत शांतवनराव पांढऱ्या झग्यात होते. मी त्यांना पहिल्यांदाच झग्यात पाहत होतो. अय्यांना चार शब्द बोलायला सांगितलं. ते उभे राहिले, सवयीनं त्यांची नजर मागच्या ओळीकडे गेली, आणि ते काही न बोलता खाली बसले. त्यानंतर जे व्हायचं तेच झालं. गावातल्या कोणीतरी त्यांच्या धर्मप्रांताच्या कचेरीतल्या माणसाला गाठून अदबीनं विचारलं, की आता तपासणीला यांच्या जागी कोण येणार? तो गोंधळला. "तपासणी कसली? हे तर आमच्या धर्मप्रांताचेसुद्धा नव्हते," म्हणाला. अय्या शेजारीच उभे होते. त्यांनी ऐकलं. आधी त्यांना अर्थ लागला नाही, मग लागला. मी पलीकडून त्यांचा चेहरा पाहत होतो, आणि शांतवनरावांच्या जाण्याइतकंच दुःख मला त्या क्षणी झालं. सांगून टाकू म्हणणारा मी, त्या वेळी वाटलं, आणखी थोडे दिवस हे लपलं असतं तर काय बिघडत होतं?

पुढच्या आठवड्यात अय्यांचा फोन आला. आवाज पूर्वीसारखा, खाली गेलेला. "पवारसार, ते भीतीनं येत होते. मी समजत होतो... असो. आता भीती संपली. येत्या रविवारी शेवटचा उपदेश करतो, सोमवारी बिशपांना भेटून सांगतो. तुम्ही याल का? मागे कोणीतरी असावं." मी येतो म्हणालो. ग्रेसवहिनींना सांगायला वर गेलो, तर त्या वेताच्या खुर्चीवरची धूळ पुसत होत्या. त्यांच्या त्या तमिळ हेलाच्या नगरी मराठीत म्हणाल्या, "त्यांना ठाऊक होतं, कधीतरी कळणार. मला म्हणायचे, ग्रेस, कळेल तवर देवसहायम बोलायला लागला असंल. मग कळू दे." आणि थोडं थांबून, "तुमी जावा. पंखा घ्या हातात."

एकटा पहाटेच्या गाडीत बसलो. शेजारची जागा कोणी घेऊ नये म्हणून तिच्यावर पिशवी ठेवली आणि मग स्वतःचीच लाज वाटून उचलली. पाणी तसंच होतं, ताड तसेच. गावात पोचलो तेव्हा पाळकाच्या घराच्या ओसरीवर भांड्यांच्या ट्रंका दोरीनं बांधून ठेवलेल्या होत्या. सेल्वीअम्मा नुसतीच हसली. मी देवळाकडे वळलो आणि आधी खाली बघितलं, चपलांसाठी.

चपला होत्या. नेहमीसारखा ढीग.

मला वाटलं, निरोपाला आले असतील. मागच्या ओळीतली जागा रिकामी होती, पंखा खिळ्याला होता. मी तो घेऊन भिंतीला टेकलो. अय्या आत आले, माणसं बघून क्षणभर थबकले, आणि खाली मान घालून उपासना सुरू केली. गाणी झाली. मग साक्षीची वेळ आली. तिकडे उपदेशाआधी ज्याला देवानं काही दिलं असेल त्यानं उठून मंडळीपुढे सांगायचं असतं. बहुधा आजार बरा झाला, मुलाला नोकरी लागली, असं. त्या दिवशी पाक्कियमपाट्टी चटईवरून गुडघ्यांवर हात टेकत उठली. तिचे शब्द साधे होते, मला सगळे कळले. "स्तोत्रम, देवाची स्तुती असो. मी साक्ष देते. ते मागे बसणारे अय्या तपासनीस नव्हते, हे आता गावाला कळलंय. आम्ही चुकलो. आधी आम्ही भीतीनं आलो, हे खरं. पण का भ्यालो? आमचे अय्या जातील म्हणून भ्यालो ना? पूर्वी अय्या भिंतीशी बोलायचे, म्हणून आम्ही मध्ये पडत नव्हतो. मग ते माणसाशी बोलायला लागले. आम्ही मध्ये बसलो होतो, ते आम्हालाही ऐकू आलं. तपासनीस गेले. आम्ही कुठं जायचं? आमची साक्ष एवढीच." आणि ती खाली बसली, पदर सारखा केला. बायकांच्या बाजूनं "आमेन" उठला, मग पुरुषांच्या.

अय्या वेदीजवळ उभे होते. त्यांच्या हातात कागद होता, निरोपाचा उपदेश त्यावर लिहिलेला असावा. तो त्यांनी घडी घालून झग्याच्या खिशात ठेवला. बाहेर कुठंतरी मोर ओरडला. मग त्यांनी मान वर केली, सगळ्यांच्या डोक्यांवरून मागच्या भिंतीकडे पाहिलं, आणि बोलायला सुरुवात केली. मी पंखा हलवत होतो. नेहमीसारखे शब्द जवळ यायचे, दूर जायचे. मित्र, ओसरी, नदी, वाळू असं काहीतरी... नगरचा एक पोरगा, ज्याला तमिळचं अक्षर येत नव्हतं... मला वाटलं मला पुन्हा डुलकी लागतेय, आणि शेजारी कोणीतरी भिंतीला टेकून बसलंय, मान उजवीकडे कललेली. मी बघितलं नाही. बघितलं की नसतं, हे मला या वयात माहीत झालंय. मी आपला ऐकत राहिलो, आणि कधीतरी माझ्या चेहऱ्यावरचा वारा बंद झालाय, हे मला जाणवलं. पंखा माझ्या मांडीवर होता. पुढे अय्यांचा आवाज थांबला होता, आणि ते माझ्याकडे बघत होते.

उपासना संपल्यावर लोक घरी गेले नाहीत. कोणी तांदूळ आणले, कोणी मासे, पाक्कियमपाट्टीनं शेंगा. सगळ्यांनी तिथंच जेवायचं ठरलं. सेल्वीअम्मा मोठं पातेलं शोधत होती आणि ते बांधलेल्या ट्रंकेत होतं. तिनं अय्यांकडे पाहिलं. अय्या खाली बसले आणि स्वतःच दोरीची गाठ सोडायला लागले. गाठ घट्ट होती, दातांनी सोडवावी लागली.

निघताना मी पंखा खिळ्याला अडकवायला देवळात गेलो, तर अय्या माझ्या मागून आले. इतक्या वर्षांच्या पाळकाला शोभणार नाही अशा संकोचानं त्यांनी विचारलं, "पवारसार, कुठल्या वाक्याला थांबला?"

"ते विचारायचं नसतं, अय्या," मी म्हणालो. "तुम्हीच तसं म्हणायचात, म्हणे."

खरं तर मलाही ठाऊक नव्हतं. पण पुढच्या महिन्यात मी पुन्हा जाणार आहे, आणि मागच्या ओळीत तो पंखा त्याच खिळ्याला असेल.